फाइल उघडली, पण मराठी गेली कुठे?

देवस्थानाच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका, वाचनालयातल्या पुस्तकांची यादी, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे पत्ते. कधीकाळी बांद्याच्या एखाद्या डीटीपी सेंटरमध्ये टाइप करून घेतलेली अशी फाइल पेनड्राइव्हवरून नव्या लॅपटॉपवर उघडली, की सिंधुदुर्गातल्या इन्सुली गावात हमखास एकच उद्गार ऐकू येतो : ‘ह्यां काय झालां?’ फाइल उघडलेली असते. पानं तेवढीच असतात, परिच्छेद जिथल्या तिथे असतात. फक्त मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि चित्रविचित्र चिन्हांची गर्दी असते. कुणी म्हणतो व्हायरस शिरला, कुणी म्हणतो पेनड्राइव्ह गेला.

दोन्ही निदानं चुकीची आहेत. फाइल ठणठणीत असते. बिघाड असतो तो ती लिहिताना निवडलेल्या पद्धतीत, आणि तो पहिल्या दिवसापासून तिथेच असतो. फक्त त्या डीटीपी सेंटरच्या पडद्यावर तो दिसत नव्हता.

डॉसच्या काळ्या पडद्यापासून मी संगणक वापरत आलो आहे. इतक्या वर्षांत सॉफ्टवेअरबद्दलची माझी बरीच मतं बदलली, पण एक मात्र पक्कं होत गेलं. रोजच्या वापरातलं सॉफ्टवेअर पडद्यावर काय दाखवतं यावरून जोखू नये, ते डिस्कवर मागे काय ठेवतं यावरून जोखावं. ते कसं करायचं हे समजायला आधी संगणक अक्षर कसं साठवतो ते पाहू.

संगणकाला फक्त आकडे कळतात

संगणकाच्या स्मृतीत ‘क’ नसतो आणि ‘ए’ही नसतो. तिथे असतात ते आकडे. कोणत्या आकड्याने कोणतं अक्षर समजायचं याची एक यादी आधी ठरवलेली असते. १९६०च्या दशकात अमेरिकेत ठरलेल्या अशा यादीचं नाव ‘आस्की’. तिच्यात एकूण १२८ जागा होत्या. इंग्रजीची लहान-मोठी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि काही यांत्रिक सूचना एवढ्यात ती भरून गेली. पुढे जागा दुपटीने वाढून २५६ झाल्या, तरी वाढीव जागा युरोपीय भाषांच्या उपयोगाच्या होत्या. देवनागरीला त्या यादीत घरच नव्हतं.

त्यात देवनागरीचा पसारा मोठा. नुसती स्वर-व्यंजनं मोजून भागत नाही. अर्धी अक्षरं, काना-मात्रा-वेलांट्या, रफार, ‘क्ष’, ‘त्र’, ‘द्ध’ अशी जोडाक्षरं धरली तर छापखान्याच्या खिळ्यांच्या पेटीत शेकडो आकार लागत. २५६ जागांच्या यादीत हे सगळं बसवायचं कसं?

सोंग घेतलेली मराठी

त्या काळच्या कारागिरांनी काढलेली युक्ती डोकेबाज होती. संगणकाला ती इंग्रजी अक्षरंच साठवू द्यायची, पण ती पडद्यावर काढताना आकार मात्र मराठी काढायचे. आकार काढण्याचं काम फॉन्टचं असतं. तेव्हा असा फॉन्ट बनवायचा, की ज्यात इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं किंवा त्याच्या तुकड्याचं चित्र भरलेलं असेल.

‘कृतिदेव’ हा गाजलेला फॉन्ट घ्या. त्यात ‘मराठी’ हा शब्द लिहिला, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात साठतात ती पाच इंग्रजी अक्षरं : लहान ई, लहान जे, लहान के, मोठं बी आणि लहान एच. ई-च्या घरात ‘म’चं चित्र आहे, जे-च्या घरात ‘र’चं, के-च्या घरात काना, बी-च्या घरात ‘ठ’ आणि एच-च्या घरात दुसरी वेलांटी. ‘ख’सारखं अक्षर तर दोन तुकड्यांत असतं : आधी अर्धा ‘ख’, मग त्याला लावलेला काना.

दशावतार पाहणाऱ्याला हे चटकन कळेल. एखादा गडी रंग लावून, लुगडं नेसून, दागिने घालून द्रौपदी म्हणून उभा राहतो. ती सगळी वेशभूषा कंपनीच्या पेटाऱ्यात असते. समजा, मंडळी गावात पोचली आणि पेटारा मागेच राहिला, तर मांडावर द्रौपदी येणार कुठून? येईल तो साध्या सदऱ्यातला गडी. फॉन्ट म्हणजे हा पेटारा. तुमची फाइल पेनड्राइव्हवरून नव्या लॅपटॉपवर आली आणि पेटारा डीटीपी सेंटरच्या संगणकातच राहिला. म्हणून पडद्यावर द्रौपदीऐवजी ई, जे, के, बी, एच उभे राहिले.

खरी गोम पुढेच आहे. पेटारा हजर असतानासुद्धा संगणकाला द्रौपदी कधी दिसतच नाही. त्याच्या हजेरीपटावर नाव गड्याचंच असतं. म्हणून अशा फाइलमधल्या आडनावांची यादी अकारविल्हे लावायला सांगितली, तर ती इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागते आणि मराठी वाचणाऱ्याला विस्कटलेली दिसते. शुद्धलेखन तपासायला सांगितलं, तर प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ येते. इंटरनेटवर टाकलेला असा मजकूर मराठी शब्दाने शोधणाऱ्याला सापडतच नाही.

भरीस भर म्हणजे प्रत्येक कंपनीचा पेटारा निराळा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’, ‘आकृती’, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या ‘आयएसएम’मधले ‘सुरेख’ आणि ‘योगेश’ हे सरकारी कचेऱ्यांत रुळलेले फॉन्ट. कोणत्या घरात कोणतं चित्र ठेवायचं याबाबत त्यांच्यात एकवाक्यता नव्हती. त्यामुळे एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला, की अक्षरं मराठीच दिसतात, पण शब्द मात्र कुठल्याच भाषेतला नसतो.

या फॉन्टांना नावं ठेवणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. संगणकाची मूळ प्रणालीच मराठी ओळखत नव्हती, तेव्हा वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि जत्रेची हँडबिलं यांनीच छापून दिली. कागदावर छापणं एवढंच काम होतं तोवर त्यांत काही उणं नव्हतं. तोच मजकूर पुन्हा वापरायची, शोधायची, दुसऱ्याला पाठवायची वेळ आली, तेव्हा अडचण उघडी पडली.

प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा

यावरचा सरळ उपाय म्हणजे देवनागरीला तिचे हक्काचे आकडे देणं. भारतात हा विचार लवकर झाला. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी सुरू झालेलं ‘जिस्ट’चं काम १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आलं. त्याच सुमारास ‘इस्की’ नावाची भारतीय लिप्यांची प्रमाण यादी तयार झाली. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ती सुधारून प्रसिद्ध केली.

त्याच वर्षी जगातल्या सगळ्या लिप्यांना एका यादीत आणणाऱ्या ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातला देवनागरीचा भाग १९८८च्या इस्कीवर बेतलेला होता. देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा मिळाल्या, आणि या जागा कुठल्याही फॉन्टच्या किंवा कंपनीच्या मालकीच्या नाहीत. ‘इन्सुली’ हा शब्द युनिकोडमध्ये लिहिला, तर फाइलमध्ये सात आकडे साठतात :

इ – २३११
न – २३४४
् (पाय मोडण्याची खूण) – २३८१
स – २३६०
ु – २३६९
ल – २३५४
ी – २३६८

फॉन्ट बदला, संगणक बदला, हा मजकूर फोनवर पाठवा, हे सात आकडे बदलत नाहीत. २३५४ म्हणजे ‘ल’, तो सावंतवाडीत आणि सॅन फ्रान्सिस्कोतही. २००९ साली केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच प्रमाण म्हणून जाहीर केलं.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. टाइप कसं करायचं आणि साठवायचं कशात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुणी इंग्रजी स्पेलिंगने उच्चारानुसार टाइप करतो, कुणी इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची कळफलकाची मांडणी वापरतो. निघणारा मजकूर युनिकोड असेल, तर दोन्ही वाटांनी शेवटी तेच सात आकडे साठतात. माझं मत विचाराल तर रोज लिहिणाऱ्याने इनस्क्रिप्ट शिकावं. त्यात मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आहेत. विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे ते आधीपासूनच आत असतं, वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागत नाही. महिन्यातून एखादं पत्र लिहिणाऱ्याने मात्र हा खटाटोप करू नये.

१२८ जागांत जोडाक्षरं कशी मावली?

मावली नाहीत. ती यादीत घेतलीच नाहीत. ‘न्स’ला वेगळा आकडा नाही. ‘न’, पाय मोडण्याची खूण आणि ‘स’ असे तीन आकडे ओळीने आले, की त्यांचं जोडाक्षर पडद्यावर काढण्याचं काम दुसऱ्या एका यंत्रणेवर सोपवलेलं आहे. तिला आपण आकारजुळणी म्हणू. युनिकोड फॉन्टमध्ये अर्ध्या आणि जोडलेल्या अक्षरांची चित्रं असतात, आणि कोणत्या प्रसंगी कोणतं वापरायचं याचे नियमही असतात. ते नियम वाचून अक्षरं मांडण्याचं काम ही यंत्रणा करते.

‘सिंधुदुर्ग’ हा शब्द तिची परीक्षा घ्यायला उत्तम आहे. साठवताना ‘स’ आधी आणि वेलांटी नंतर असते, कारण आपण उच्चार तसाच करतो. पडद्यावर मात्र वेलांटी ‘स’च्या डावीकडे यायला हवी. शेवटी ‘र’ आणि पाय मोडण्याची खूण ‘ग’च्या आधी साठलेली असते, पण दिसताना तो रफार ‘ग’च्या डोक्यावर चढायला हवा. म्हणजे एकाच शब्दात यंत्रणेला दोनदा क्रम बदलावा लागतो. तो बदलता आला नाही, तर वेलांटी चुकीच्या अक्षराजवळ आणि रफार सुटून पडलेला दिसतो. मराठीची आणखी एक खास मागणी असते : ‘वाऱ्यावर’मधला चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ आणि ‘आर्या’मधला रफार हे वेगळे दिसले पाहिजेत.

विंडोजमध्ये ही सोय २००० सालच्या आवृत्तीपासून आली. तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांच्या हातचा. पुढच्या एक्सपीमध्ये सीडी घालून ही सोय मुद्दाम बसवून घ्यावी लागे. व्हिस्टापासून ती मुळातच आत आली. नव्या संगणकावर मराठी ‘आपोआप’ दिसते, ती यामुळे.

रोजच्या सॉफ्टवेअरांचा हिशेब

आता फूटपट्टी हातात आली. तिने नेहमीची सॉफ्टवेअरं मोजू या.

*वर्ड आणि रायटर.* मायक्रोसॉफ्ट वर्ड आणि फुकट मिळणारं लिब्रेऑफिस रायटर या दोन्हींत मराठी नीट साठते. २००७पासून वर्डची फाइल ‘डॉक्स’ स्वरूपात असते, आणि ती खरं तर झिप केलेली एक पुडी असते. फाइलच्या प्रतीच्या नावाचं शेपूट बदलून ‘झिप’ करा आणि उघडा. आत तुमचा मजकूर वाचता येईल अशा साध्या स्वरूपात दिसतो. रायटरची ‘ओडीटी’ फाइलही अशीच असते. जुन्या ‘डॉक’ फाइलचं पोट मात्र बंदिस्त होतं. घरी, शाळेत, छोट्या संस्थेत पत्रं आणि इतिवृत्तं लिहायला रायटर पुरेसं आहे असं माझं मत आहे. दुसऱ्याने वर्डमध्ये केलेली गुंतागुंतीची कोष्टकं त्यात उघडली की थोडी सरकतात, हे धरून चालावं.

*नोटपॅड.* सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत प्रामाणिक. ते फॉन्ट साठवत नाही, ठळक-तिरपं साठवत नाही, फक्त आकडे साठवतं. जुन्या विंडोजमध्ये मात्र एक सापळा होता. साठवताना ‘एएनएसआय’ हा पर्याय तसाच राहू दिला, तर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होत, आणि मग ब्रह्मदेव आला तरी मूळ मजकूर परत मिळत नसे. २०१९च्या विंडोज १० सुधारणेपासून नोटपॅड आपणहून ‘यूटीएफ-८’ धरतं. युनिकोडचे आकडे फाइलमध्ये लिहिण्याची ही आजची सर्वमान्य रीत आहे.

*एक्सेल.* हे हिशेबाला अतिशय चांगलं आहे, पण ते आगाऊ आहे. सर्व्हे नंबर १२, हिस्सा ३ म्हणून इंग्रजी आकड्यांत १२/३ टाइप करून पाहा. तारखेचं सेटिंग भारतीय असेल, तर एक्सेल त्याची १२ मार्च करून टाकतं. ते नुसतं तारखेसारखं दाखवत नाही, साठवतंही तारीख. आणि तारीख म्हणजे १९००च्या आरंभापासून मोजलेले दिवस. २०२५ साली टाइप केलं असेल, तर डिस्कवर ४५७२८ हा आकडा राहतो. नंतर तो रकाना ‘टेक्स्ट’ केला, तर हा पाच आकडी नंबर समोर येतो. जमिनीच्या याद्या करणाऱ्याने आधी रकाना ‘टेक्स्ट’ करावा आणि मगच टाइप करायला बसावं.

दुसरी तक्रार ‘सीएसव्ही’ फायलींची. अशी मराठी फाइल दोनदा क्लिक करून उघडली, की काही वेळा डोक्यावर तिरकी रेघ असलेलं ए पुनःपुन्हा दिसतं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांत साठतं. एक्सेलने ते प्रत्येक बाइट वेगळं युरोपीय अक्षर समजून वाचलेलं असतं. फाइल शाबूत आहे. ‘डेटा’ मेनूतून ती आत घ्या आणि यूटीएफ-८ निवडा.

*पेजमेकर.* आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांचं लाडकं. हात बसलेला असला की पत्रिका आणि पावतीपुस्तकं त्यात झरझर होतात. पण त्याची शेवटची आवृत्ती २००१ची, आणि त्याला युनिकोड कधी आलंच नाही. गावोगावी जुने फॉन्ट अजून टिकून आहेत त्याचं हे एक मोठं कारण. छापून देऊन विसरायचं काम त्यात चालेल. जपून ठेवायचं काम त्यात करू नये.

*पीडीएफ.* पीडीएफ पेटारा बरोबर घेऊनच हिंडते. फॉन्ट तिच्या आत बांधलेला असतो, म्हणून ती सगळीकडे सारखी दिसते. पण तिचं लक्ष अक्षरांपेक्षा आकारांच्या जागांवर असतं : हा आकार इथे, तो आकार तिथे. म्हणून पीडीएफमधली मराठी कॉपी करून दुसरीकडे चिकटवली, की वेलांट्या सरकतात आणि जोडाक्षरं फुटतात. छापायला आणि पाठवायला पीडीएफ उत्तम. मात्र ज्या फाइलपासून ती बनवली, ती फाइल कधीही पुसू नये.

युनिकोड आलं, पण सगळं सुटलं नाही

‘ॲडव्होकेट’ शोधायला गेलात आणि समोर दिसत असूनही सापडला नाही, असं होऊ शकतं. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र आकडा २००८ साली मिळाला. त्याआधी, आणि सवयीने नंतरही, बरेच जण ‘अ’वर अर्धचंद्र देऊन ते लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळे शब्द. एका संस्थेच्या यादीत एकच पद्धत ठरवून घेणं हाच यावर उपाय.

अकारविल्हे लावतानाही असंच. नुसत्या आकड्यांच्या क्रमाने गेलं तर ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये येतो, आपल्या वर्णमालेत मात्र तो ‘ह’नंतर असतो. मराठीचे नियम माहीत असलेलं सॉफ्टवेअर हा क्रम सांभाळतं, बाकीची सांभाळत नाहीत.

वीज गेली तर?

इन्सुलीत पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. तुम्ही टाइप करता तो मजकूर आधी तात्पुरत्या स्मृतीत असतो, आणि वीज गेली की ती कोरी होते. ‘सेव्ह’ करणं म्हणजे तो मजकूर डिस्कवर उतरवणं. वर्ड आणि रायटर दोन्ही दर दहा मिनिटांनी आपली आपण एक तात्पुरती प्रत ठेवतात, पण हा अवधी सेटिंगमध्ये जाऊन दोन मिनिटांवर आणता येतो. वर्डमधलं वरच्या कोपऱ्यातलं ‘ऑटोसेव्ह’ वेगळं आहे. ते फाइल वनड्राइव्हसारख्या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन जागेवर असेल तरच चालतं. ती आपल्या डिस्कवर असेल, तर ते बटण पाहून निर्धास्त होऊ नये.

याच कारणाने ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ऑनलाइन ऑफिसपेक्षा संगणकात बसवलेलं सॉफ्टवेअर मला जास्त भरवशाचं वाटतं. नेट नसलं तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम पुढे सरकतं. ऑनलाइनचा फायदा दुसरा आहे : वीज कोसळून संगणकच जळाला, तरी प्रत दुसरीकडे शिल्लक राहते. म्हणून काम इथे करावं आणि एक प्रत नेटवर व एक वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी.

जुन्या फायलींचं काय करायचं?

आधी मूळ फॉन्टचं नाव शोधा. वर्डमध्ये मजकुरावर क्लिक केलं की फॉन्टच्या चौकटीत ते दिसतं, फॉन्ट संगणकात नसला तरी दिसतं. मग त्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा परिवर्तक वापरा. परिवर्तकाकडे एक तक्ता असतो : कृतिदेवमधलं ई म्हणजे ‘म’, जे म्हणजे ‘र’. त्यानुसार तो अक्षरं बदलतो, आणि मग वेलांट्या व रफार उच्चाराच्या क्रमात आणून बसवतो. चुका होतात त्या इथेच. म्हणून परिवर्तनानंतर पहिली वेलांटी, रफार, ‘ऱ्य’ आणि आकडे एवढे चार मुद्दे डोळ्यांनी तपासावेत. मूळ फाइल तशीच ठेवावी, कारण उद्या याहून चांगला परिवर्तक मिळू शकतो.

आणि नवं सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी एक चाचणी जरूर करावी. तिला एक मिनिट लागतं. त्यात ‘सिंधुदुर्ग’ आणि ‘वाऱ्यावर’ हे शब्द टाइप करा, कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे ते मराठीत उमटले, तर मराठी खरोखर साठते आहे. इंग्रजी अक्षरं उमटली, तर ते सॉफ्टवेअर पडद्यावर कितीही सुरेख दिसो, आपल्या संस्थेचं दप्तर त्याच्या हवाली करू नये.

थोडक्यात : पडद्यावर काय दिसतं, त्याचा अर्थ काय?

- इंग्रजी अक्षरांची गर्दी : जुना फॉन्ट हजर नाही. मजकूर शाबूत आहे, परिवर्तकाने मिळेल.
- रिकामे चौकोन : मजकूर युनिकोड आहे, पण निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. फॉन्ट बदला.
- तिरकी रेघ असलेलं ए पुनःपुन्हा : फाइल चुकीच्या पद्धतीने वाचली गेली. यूटीएफ-८ निवडून पुन्हा उघडा. तशीच सेव्ह करू नका.
- सुटलेले रफार, भरकटलेल्या वेलांट्या : मजकूर बरोबर, आकारजुळणी कच्ची. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहा.
- नुसती प्रश्नचिन्हं : सेव्ह करतानाच मजकूर गेला. जुनी प्रत शोधा.